आरसी ट्रकचे टायर पक्के चिकटवायचे कसे आणि नवीन घेताना काय बघायचं

आरसी (रिमोट कंट्रोलचा) ट्रक हातात आला की सगळ्यांचं डोकं मोटर, बॅटरी आणि टॉप स्पीडमध्ये असतं, टायरकडे कोणी बघत नाही. पण ट्रक जमिनीला टेकतो तो फक्त टायरनेच, त्यामुळे पहिला खर्च करायचाच असेल तर माझ्या मते टायरवर करा. आणि टायर नुसते चांगले असून भागत नाही, रिमला नीट चिकटलेले पाहिजेत, नाहीतर दोन उड्यांत कड सुटते आणि आत माती भरते. इथे मी ट्रॅक्सस कंपनीच्या स्लॅशचं उदाहरण धरून सांगतोय, कारण २००८ मध्ये आल्यापासून हा शॉर्ट कोर्स ट्रक (म्हणजे कच्च्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या ट्रकची छोटी प्रतिकृती) भरपूर लोकांकडे आहे. बाकी १/१० स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या, ट्रकलाही पद्धत हीच.

आधी साईज

स्लॅशच्या रिमवर २.२/३.० असं लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरच्या बाजूची कड २.२ इंचाची आणि आतली ३ इंचाची. ट्रॅक्ससच्याच स्टॅम्पीड किंवा रस्टलर या गाड्यांची रिम २.८ इंची, तिचा टायर हिला बसणार नाही. हेक्स, म्हणजे एक्सलवरचा चाक अडकवायचा षटकोनी तुकडा, १२ मिमीचा, १/८ च्या मोठ्या गाड्यांना १७ मिमी. आणि एक गोष्ट हमखास सुटते ती म्हणजे स्लॅश टू-व्हील-ड्राईव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) वेगळा असतो, फोर-बाय-फोरला चारही चाकं सारखी. म्हणून रिमसकट सेट मागवताना पुढचे का मागचे हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका, बाहेरून मागवलेला माल परत पाठवणं म्हणजे वेगळीच डोकेदुखी.

टायर कुठला घ्यायचा

गाडी कुठे चालवता त्यावर सगळं ठरतं. आपल्याकडे बहुतेक जण मुरमाच्या मैदानावर नाहीतर सोसायटीच्या डांबरी रस्त्यावर चालवतात. मुरूम म्हणजे खाली टणक जमीन आणि वर सुटी खडी, तिथे मध्यम उंचीचे, जवळजवळ लावलेले ब्लॉक चांगली पकड देतात. मोठमोठ्या दातांचा टायर पावसाळ्यात चिखलाला आणि वाळूला मस्त, पण डांबरावर तेच दात थरथरतात आणि झिजून जातात. कंपाउंडचंही, म्हणजे रबर किती मऊ-कडक आहे त्याचंही, तसंच, मऊ रबर पकडीला भारी पण डांबरावर बघता बघता संपतं, त्यामुळे रस्त्यावर जास्त चालवत असाल तर मीडियम किंवा हार्डच घ्या.

३एस लायपो (तीन सेलची जास्त व्होल्टेजची बॅटरी) लावणाऱ्यांनी अजून एक बघा. जास्त आरपीएमला साधा टायर मधून फुगतो, उंच आणि अरुंद होतो, गाडी एका रेघेवर चालल्यासारखी डगमगते. त्याला बेल्टेड टायर हा खरा इलाज, आत पट्टा असतो म्हणून आकार टिकतो. महाग आणि जरा जड असतात. नाहीतर साध्या टायरच्या आतून मधोमध मजबूत कापडी टेपचे एक-दोन वेढे मारतात, बजेटमध्ये तेही बरं काम देतं.

जुना टायर काढणं

चाकाचा नट ७ मिमीच्या पान्याने खोला. हेक्सच्या मागे एक्सलमध्ये एक छोटी पिन असते, हेक्स निघाला की ती गळून पडते, म्हणून खाली ताट ठेवा.

रिम परत वापरायची असेल तर दोन रस्ते. एक, पाण्यात अर्धा तास उकळायची आणि गरम असतानाच जाड हातमोजे घालून कड सोडवत जायची, जुना ग्लू उष्णतेने कमजोर होतो. भांडं मात्र स्वयंपाकाचं नको. दुसरा रस्ता अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवण्याचा, पण हा फक्त नायलॉनच्या रिमसाठी. एबीएस किंवा पॉलीकार्बोनेटची रिम अॅसिटोनमध्ये खराब होते आणि क्रोम असेल तर तो निघून जातो. रिम कशाची आहे हे नक्की माहीत नसेल तर सरळ उकळा. अॅसिटोन वापरणार असाल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, गॅसपासून लांब, गॅलरीत.

सफाई, इथे घाई नको

ग्लू सुटण्याचं मोठं कारण ग्लू नसतो, त्याच्याखालची घाण असते. नवीन टायरवरसुद्धा साच्यातून सुटायला लावलेल्या द्रव्याचा थर राहिलेला असतो, तो दिसत नाही. टायरची कड आणि रिमची खाच दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, जिथे सर्किट बोर्डाचं सामान मिळतं तिथे हे मिळेल. रिमच्या खाचेत ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, क्रोमची रिम असेल तर खाचेतला क्रोम घासून काढाच, कारण ग्लू क्रोमला धरतो आणि क्रोम रिमला धरत नाही. पुसून झाल्यावर त्या कडेला बोट लावू नका.

बसवणं

आधी भोकं बघा. टायर दाबल्यावर हवा बाहेर जायला जागा लागते, कुठे रिममध्ये भोकं असतात, कुठे टायरमध्ये. पाण्या-चिखलात चालवणार असाल तर टायरच्या मधोमध समोरासमोर दोन बारीक भोकं चामड्याच्या पंचने पाडा आणि रिमची भोकं टेपने बंद करा, म्हणजे आत गेलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जातं. टायरला आतून आधार देणारी फोमची रिंग असते, त्यातला स्पंजसारखा ओपन सेल फोम पाणी पिऊन बसतो, बदलणार असाल तर पाणी न पिणारा क्लोज्ड सेल घ्या.

फोम टायरमध्ये घाला, घडी पडू देऊ नका. साईडवॉलवर दिशेचा बाण असेल तर डावी-उजवी चाकं आत्ताच वेगळी करून ठेवा, चिकटवल्यावर काही करता येत नाही. मग रिम घाला, दोन्ही कडा खाचेत पूर्ण बसवा आणि चाक दोन्ही तळव्यांत धरून चारी बाजूंनी दाबत फिरवा, फोम आपोआप मधे येतो. टेबलावर उभं गरगर फिरवून बघा, डुगडुगत असेल तर कुठेतरी कड वर आली आहे.

ग्लू

पातळ सीए (सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा) ग्लूच पाहिजे, जो फटीत आपोआप ओढला जातो. हॉबीवाल्यांचा टायर ग्लू मिळाला तर उत्तम, त्याच्यासोबत बारीक नळी येते. नाही मिळाला तर पिडिलाइटचं फेविक्विकही त्याच जातीचं आहे, काम होतं, फक्त ट्यूबचं तोंड टाचणीने अगदी बारीक उघडा.

हवेशीर जागी बसा, चष्मा लावा, नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोजे किंवा कापूस अजिबात नको, सीए ग्लू सुती कापडावर सांडला की एकदम तापतो, भाजतं. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा. डोळ्यात गेला तर पाण्याने धुवत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा.

सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा कापा, त्याची रिंग टायरवर मधोमध चढवा, कडा रिमला दाबून राहतात. चाक आडवं ठेवा. अंगठ्याने साईडवॉल किंचित मागे ओढा, फटीत एक थेंब सोडा आणि अंगठा सोडून द्या, ग्लू दोन्हीकडे पळताना दिसतो. मग त्याच्या बरोबर समोर एक थेंब, मग उरलेल्या दोन बाजूंना, आणि शेवटी मधल्या जागा भरा. एकाच बाजूने गोल फिरत गेलात तर टायर सरकतो. जास्त ग्लू ओतून पकड वाढत नाही, तो आत फोमवर जातो, कडक गोळा होतो आणि चाकाचा बॅलन्स जातो, शिवाय बाहेर पांढरी पावडर धरते.

एक बाजू झाली की पंधरा मिनिटं थांबा, मग दुसरी. पावसाळ्यात दमट हवेत सीए लवकर धरतो, म्हणून कड खाचेत बसली आहे ना हे थेंब सोडायच्या आधीच बघा. रात्रभर ठेवा आणि सकाळी साईडवॉल अंगठ्याने दाबत पूर्ण फेरी मारा. कुठे फट उघडली तर तिथे पुन्हा अल्कोहोल, वाळवणं आणि एक थेंब.

लावल्यावर

नट घट्ट करा पण चाक मोकळं फिरलं पाहिजे, नटातलं नायलॉन झिजलेलं असेल तर नट बदला. नवीन टायर जुन्यापेक्षा मोठे किंवा जड असतील तर मोटरवर लोड येतो, त्यामुळे पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) एक-दोन दातांनी लहान करा आणि पिनियन व स्पर (त्याला लागून फिरणारा मोठा गिअर) यांचा मेश, म्हणजे दातांमधलं अंतर, परत सेट करा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं चालवून मोटरला हात लावून बघा, बोट दोन-तीन सेकंदही ठेवता येत नसेल तर थांबा, गार होऊ द्या आणि पिनियन अजून एक दात कमी करा.

क्रॉलर (दगडांवर हळू चढणारी गाडी) वाल्यांना यातलं बरंच लागू नाही, १.९ इंची बीडलॉक रिम घेतली की कड स्क्रूने आवळली जाते, ग्लू लागत नाही आणि टायर हवे तितक्या वेळा बदलता येतात. उड्या मारणाऱ्या ट्रकला मात्र मी चिकटवलेलाच टायर लावेन, बीडलॉकच्या स्क्रूंचं वजन चाकाच्या कडेला येतं आणि स्क्रू आपटून सैल होतात.