केलाँगला एक दिवस खाडा

मनालीहून लेहला सायकलने निघालात तर केलाँगला एक अख्खा दिवस खाडा करा. पहिल्या खेपेला मी केला नव्हता. हवा छान, पाय हलके, म्हटलं कशाला दिवस घालवायचा! त्याचं फळ पुढे सरचूच्या तंबूत मिळालं, विरळ हवा बाधली. डोकं असं ठणकत होतं की चहाचा वाससुद्धा नको झाला. दोनदा उलटी झाली आणि सकाळी सायकल ट्रकच्या हौद्यात टाकून मी आल्या वाटेने खाली आले.

दुसऱ्या खेपेला भाचा सोबत होता. चोवीस वर्षांचा, रोहतांगची खिंड चढून आल्यामुळे जरा हवेत. म्हणाला, "आत्या, पाय तर मस्त आहेत, थांबायचं कशाला?" मी म्हटलं, "पायांना कोण विचारतंय? रक्ताला विचार."

केलाँग साधारण ३१०० मीटरवर आहे, सरचू ४३०० च्या आसपास, आणि त्याआधी सुमारे ४९०० मीटरची बारालाचा खिंड ओलांडायची. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची रात्रीला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे तिथेच काढावी, असा नियम आहे. पुढेही उडी मारू नका. जिस्पा, पत्सिओ, झिंगझिंगबार अशा पायऱ्या करत जा.

खोली घेताना एक गोष्ट बघा. हायवे वरून जातो आणि बाजाराची गल्ली खाली आहे, तीही बरीचशी पायऱ्यांची. खालची खोली स्वस्त म्हणून घेतलीत तर निघताना भरलेली सायकल खांद्यावर घेऊन वर चढावं लागेल. रस्त्यालगतची, तळमजल्याची खोली मागा. सायकल आत ठेवू देतील का, ते पैसे ठरवायच्या आधी विचारा.

पोचल्या संध्याकाळी काहीही करू नका. जेवा, झोपा.

सकाळी उठल्या उठल्या कपडे धुवा, अगदी चहाच्या आधी. इथली हवा कोरडी आहे, पातळ कपडे दुपारपर्यंत कडकडीत वाळतात. पण सायकलिंगच्या चड्डीतलं जाड पॅड आतून ओलं राहतं. ती उलटी करून, पॅड उन्हाकडे तोंड करून टाका. दिवसभर सैल सुती कपडे घाला. सीटवर घासलेल्या कातडीला मलमापेक्षा कोरडी हवा जास्त लागते. ओठांना मी घरचं तूप लावते. छोट्या डबीत आणलेलं असतं, रात्री भातावरही येतं.

मग सायकल. रोहतांगचा उतार उतरल्यावर ब्रेकपॅड आधी बघायचे. माझे रिमब्रेक, म्हणजे पॅड थेट चाकाच्या रिमवर दाबणारे. मागचा पॅड काढला तर रबरात ॲल्युमिनियमचे चकचकीत कण रुतलेले, म्हणजे प्रत्येक ब्रेकला रिम खरवडली जात होती. सेफ्टी पिनेने एकेक कण टोकरून काढला, पॅडचं तोंड दगडावर घासून खरखरीत केलं. अर्धा तास गेला, कर्रर्र आवाज बंद. भाच्याचे डिस्कब्रेक, त्यात पॅड चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर दाबतात. त्याला एवढंच बजावलं की चेनला तेल घालताना डिस्कवर फडकं टाक, थेंब उडाला तर ब्रेक गेलाच समज. चेन आधी कोरड्या ब्रशने झाडा. धुळीवर तेल ओतलं की त्याचा पॉलिशपेपर होतो. शेवटी दोन दोन स्पोक चिमटीत दाबत चाक फिरवा, ढिला स्पोक बोटाला लगेच कळतो.

आता खाडा म्हणजे दिवसभर लोळणं नव्हे. गावाच्या वर शशुर गोंपा म्हणजे बौद्ध मठ आहे, सतराव्या शतकातला. रमतगमत चालत जा, वर थोडं बसा, उतरा. उंचावर जाऊन यायचं आणि झोपायचं खाली, याने शरीर लवकर रुळतं. समोर भागा नदीपलीकडे कारदंग गोंपा दिसतो. हीच भागा मागे तांदीला चंद्रेला मिळते आणि पुढे चंद्रभागा होते, म्हणजे चिनाब. पंढरपूरचं नाव इथे ऐकून मी तांदीच्या पुलावर हात जोडले होते. भाचा हसला, पण फोटो त्यानेच काढला.

खाण्यात राजमा-चावल, थुक्पा म्हणजे नूडल्सचं गरम सूप, आणि हंगाम असेल तर इथल्या लाहौल खोऱ्याचा मटार. शेंगा विकत घ्या आणि सोलत बसा, याहून चांगली विश्रांती नाही. पाणी पीत राहा. लघवी गडद पिवळी दिसली तर कमी पडतंय. दारू नको. संध्याकाळी डोकेदुखी किंवा मळमळ असेल तर आणखी एक दिवस थांबा. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर थांबायचंही नाही, गाडी करून खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

बाजारातून रोख रक्कम काढून ठेवा, पुढे लेहपर्यंत एटीएमचा भरवसा धरू नका. घरी फोनही इथूनच करा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. "चार-पाच दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका" हे वाक्य आधी सांगितलं नाहीत तर आई काय करेल ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या वहिनीने एकदा थेट पोलीस चौकी गाठली होती.

रात्री बाटल्या भरून सायकलला लावून ठेवा, खोलीचे पैसे चुकते करा. पुढच्या रस्त्यावर नाले आडवे येतात. दुपारी वरचा बर्फ वितळून त्यांचं पाणी चढतं, पहाटे घोट्याइतकं असतं. म्हणून पाचचा गजर. भाच्याचा मी साडेचारचा लावला होता.