चालू मोहिमेत नवा खेळाडू: जुन्या रोलप्लेइंग गटात कसे सामील व्हावे

टेबलाभोवती बसून रोलप्लेइंग खेळ, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन सर्वांनी मिळून कथा पुढे नेण्याचा खेळ, खेळणारा एखादा गट वर्ष-दोन वर्षे एकत्र असेल, तर नियमांखेरीज त्याच्यापाशी आणखी बरेच काही साठलेले असते: अर्धवट सुटलेली रहस्ये, जिवावर उठलेले शत्रू, गमावलेल्या पात्रांच्या आठवणी आणि बाहेरच्याला न कळणारे विनोद. अशा गटात शिरणाऱ्याला बहुधा नियमांचीच धास्ती वाटते. नियम समजावून सांगायला जुने खेळाडू एका पायावर तयार असतात. अवघड जाते ते मध्यावर आलेल्या कथेत स्वतःसाठी जागा करणे. त्यासाठी आपले नवखेपण लपवत न बसता त्याचाच उपयोग करून घ्यावा, असे माझे मत आहे आणि पुढील सूचना त्याच धोरणाने दिल्या आहेत.

आधी गेम मास्टरशी बोलावे

पहिल्या सेशनच्या (खेळाच्या बैठकीच्या) निदान आठवडाभर आधी गेम मास्टरशी, म्हणजे कथा चालवणाऱ्याशी, निवांत बोलून घ्यावे. कोणता खेळ आणि त्याची कोणती आवृत्ती, हा पहिला प्रश्न. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पाचवी आवृत्ती २०१४ची. तिची सुधारित पुस्तके २०२४पासून आली, पण जुनी पुस्तके वापरणारे गटही आहेत. चुकीचे पुस्तक वाचून गेल्यास निम्मी मेहनत वाया जाते. १९८१च्या 'कॉल ऑफ कथुलू'सारख्या खेळात तर फाशांचा हिशेबच उलटा असतो: १ ते १०० आकड्यांच्या फेकीत आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी संख्या पडली, तर यश मिळते.

त्यानंतर व्यवहाराच्या गोष्टी विचाराव्यात. सेशन किती तास चालते, किती दिवसांनी होते, एखादा खेळाडू आला नाही तर त्याच्या पात्राचे काय करतात, गटाने स्वतःचे कोणते नियम केले आहेत, हे सगळे आधी माहीत असलेले बरे. कथेचा बाज हसतखेळत आहे की भीषण, हेही विचारावे आणि आपल्याला कोणते विषय नकोत ते न संकोचता सांगावे. अनेक गटांत 'लाइन्स अँड व्हेल्स'ची पद्धत असते: काही विषय कथेत मुळीच येत नाहीत आणि काही घडले तरी त्यांचे वर्णन केले जात नाही. काही ठिकाणी टेबलावर 'एक्स' लिहिलेले कार्ड असते. कोणीही त्याला हात लावला की चालू प्रसंग कारण न विचारता बदलला जातो. जुन्या गटाने हे फार पूर्वी ठरवलेले असल्यामुळे ते नव्या माणसाला सांगायचे राहून जाते, म्हणून आपणच विचारावे.

परवानगी असेल तर एक सेशन नुसते बघायला जावे. खेळाडू पात्राच्या तोंडून बोलतात की 'माझे पात्र असे म्हणते' असे सांगतात, एवढे जरी लक्षात आले तरी पुष्कळ झाले.

पात्र गटाला धरून घडवावे

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. स्वतःच्या कल्पनेतले पात्र पूर्ण तयार करून नेण्याऐवजी गटात सध्या कोण काय करते हे आधी विचारावे. कुलपे उघडणारा, टेहळणी करणारा एक जण गेली दोन वर्षे ते काम जीव लावून करत असेल, तर तेच काम करणारे दुसरे पात्र आणल्याने त्याच्या वाट्याचे प्रसंग निम्मे होतात. तो बोलणार नाही कदाचित, पण त्याला ते जाणवेल.

पात्राची लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, गटाच्या बरोबरीची असावी. नव्याने सुरुवात पहिल्या लेव्हलपासूनच करावी, हा आग्रह काही गट धरतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. पाचव्या लेव्हलच्या गटासमोर येणारा शत्रू 'फायरबॉल' हा आगीच्या स्फोटाचा मंत्र टाकू शकतो आणि त्याचे नुकसान सहा बाजूंच्या ८ फाशांचे, म्हणजे सरासरी २८ असते. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे (जादूगाराकडे) साधारण ८ हिट पॉइंट्स, म्हणजे जीवशक्तीचे गुण, असतात. त्याने नुकसान निम्मे करणारी बचावाची फेक जिंकली तरी सरासरी १४चे नुकसान होऊन तो बेशुद्ध पडतो आणि हरली तर बहुधा जागीच मरतो. हा हिशेब गेम मास्टरसमोर नम्रपणे मांडायला हरकत नाही.

पहिल्यांदाच खेळणाऱ्याने शक्यतो कमी पर्यायांचा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, घ्यावा. फायटरला (योद्ध्याला) आपल्या पाळीत काय करायचे ते लवकर उमगते. ड्रुइडला (निसर्गाची जादू करणाऱ्याला) मंत्रही सांभाळावे लागतात आणि प्राण्यांची रूपेही. तरीही मन जादूतच गुंतले असेल तर ती खुशाल घ्यावी, फक्त प्रत्येक मंत्र वेगळ्या कार्डावर स्वतःच्या शब्दांत लिहून न्यावा.

पात्राचा पूर्वेतिहास अर्ध्या पानाहून मोठा नसावा. दहा पानी चरित्र आवडीने लिहिले जाते, पण ते वाचण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. पात्र कोठून आले, त्याला आत्ता काय हवे आहे आणि ते याच लोकांबरोबर का राहील, एवढी उत्तरे पुरेत. यांपैकी तिसरे सर्वांत महत्त्वाचे. समजा, गट एका तस्करांच्या टोळीच्या मागावर आहे. मग आपले पात्र त्या टोळीचा हिशेब लिहिणारा, नुकताच पळून आलेला कारकून असू शकते. त्याला संरक्षण हवे आहे, गटाला माहिती हवी आहे आणि गेम मास्टरला त्याला कथेत आणण्याचे आयते निमित्त मिळते. जुन्या पात्रांपैकी एखाद्याशी ओळख किंवा नाते जोडायचे असेल, तर त्या खेळाडूला आधी विचारावे. दुसऱ्याच्या पात्राला परस्पर भाऊ जोडून देऊ नये.

कोणावरही विश्वास न ठेवणारा एकांडा, गटाची चोरी करणारा चोर आणि पुढे उलटणारा फितूर ही पात्रे कागदावर झकास दिसतात. अनोळखी लोकांमध्ये पहिल्याच महिन्यात ती आणू नयेत. 'माझे पात्र असेच वागले असते' हा बचाव तेव्हा कोणी ऐकून घेत नाही, कारण तसे पात्र निवडलेले असते आपणच.

नियम किती शिकावेत

स्वतःच्या कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) जेवढे लिहिले आहे तेवढे. पाचव्या आवृत्तीत पाळी आली की हालचाल, एक ॲक्शन (मुख्य कृती) आणि पात्राला उपलब्ध असल्यास एक बोनस ॲक्शन (जादा कृती) करता येते. हल्ला करताना वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपला बोनस मिळवतात आणि ती बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासशी, म्हणजे वार लागण्यासाठी गाठायच्या आकड्याशी, ताडून पाहतात. बोनस +६ आणि आर्मर क्लास १५ असेल, तर फाशावर ९ किंवा अधिक पडावे लागतात. म्हणजे यशाची शक्यता ६० टक्के.

येथे नवख्याच्या फार कामाची एक ॲक्शन आहे, 'हेल्प'. शत्रूजवळ उभे राहून आपण ती वापरली, की त्या शत्रूवर साथीदाराच्या पुढच्या हल्ल्याला 'ॲडव्हान्टेज' मिळते, म्हणजे तो दोन फासे टाकून त्यांतला मोठा आकडा धरतो. वरच्या उदाहरणातली ६० टक्के शक्यता त्यामुळे ८४ टक्क्यांवर जाते. काय करावे ते सुचत नसेल तेव्हा हे करावे. पाळी फुकट जात नाही आणि साथीदाराच्याही ते लक्षात राहते.

पहिले सेशन

छापील शीट, पेन्सिल, खोडरबर आणि सात फाशांचा संच घेऊन वेळेवर पोहोचावे. बसल्या बसल्या इतरांच्या पात्रांची नावे वहीत टिपून घ्यावीत, कारण खेळात माणसे एकमेकांना त्याच नावांनी हाका मारतात.

मागे काय काय घडले याचा सविस्तर वृत्तांत मागून खेळ थांबवण्याचा मोह आवरावा. आपल्याला जे ठाऊक नाही, ते आपल्या पात्रालाही ठाऊक नाही. मग तो प्रश्न पात्रालाच विचारू द्यावा. रात्रीच्या मुक्कामात शेकोटीपाशी बसून कारकुनाने शेजारच्या योद्ध्याला विचारावे, 'तुमच्या ढालीवरचा हा ओरखडा कशाचा?' जुन्या खेळाडूला आपली आवडती हकीकत सांगायला मिळते, इतर जण मध्येच दुरुस्त्या करू लागतात आणि नवा माणूस काही न बळकावता प्रसंगाच्या मध्यभागी येतो. असे प्रश्न घरूनच दोन-तीन योजून न्यावेत. अर्थ न लागलेल्या विनोदांवर उगाच हसू नये. मधल्या सुटीत त्यांचा उगम विचारावा.

पाळी येण्यापूर्वीच काय करायचे ते ठरवून ठेवावे. गेम मास्टरचा नियम चुकला असे वाटले तरी भर प्रसंगात हुज्जत घालू नये, सेशन संपल्यावर विचारावे. आपण येण्याआधी मिळालेल्या खजिन्यात वाटा मागू नये आणि मोठे निर्णय सुरुवातीची दोन-तीन सेशन्स जुन्यांवर सोपवावेत. याचा अर्थ गप्प बसावे असा मात्र नाही. टोळीच्या गोदामाचे दार मागच्या बाजूने उघडते हे फक्त कारकुनालाच माहीत असेल, तर ते त्याने वेळेवर सांगितलेच पाहिजे.

त्यानंतर

सेशन झाल्यावर एखाद्या खेळाडूला त्याचा आवडलेला नेमका प्रसंग सांगावा आणि गेम मास्टरला आपल्याकडून काय खटकले ते विचारावे. गैरहजर राहायचे असेल तर आधी कळवावे. लढाईची आखणी किती पात्रे आहेत यावर केलेली असते.

तीन-चार सेशन्सनंतरही सूर जुळला नाही, तर न कळवता येणे बंद करू नये. गेम मास्टरला पुढच्या सेशनच्या पुरेशी आधी कल्पना द्यावी, म्हणजे पात्राला कथेतून बाहेर पडायला वाट करून देता येते. शीटची एक प्रत आणि पात्राबद्दलची टिपणे त्याच्या हवाली करावीत. टोळीचा तो कारकून पुढे कधी साक्षीदार म्हणून लागला, तर गेम मास्टर त्याला स्वतः चालवू शकतो.