तरुण वाइड रिसीव्हरला मोडीत काढण्यापूर्वी काय तपासावे

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये चाहत्यांचा रोष लवकर ओढवून घेणाऱ्या जागांपैकी वाइड रिसीव्हरची, म्हणजे धावत जाऊन पास झेलणाऱ्याची, जागा एक आहे. बचावातील एखादा खेळाडू आपली जागा सोडून भलतीकडे धावला, तर टीव्हीवर पाहणाऱ्याच्या ते सहसा लक्षात येत नाही. रिसीव्हरच्या हातून निसटलेला चेंडू मात्र सगळे स्टेडियम पाहते आणि नंतर तो संथ गतीने पुन्हा पुन्हा दाखवला जातो. त्यामुळे ड्राफ्टच्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंमधून संघांनी पाळीपाळीने करायच्या वार्षिक निवडीच्या, वरच्या फेरीत निवडलेला एखादा तरुण रिसीव्हर पहिल्या एकदोन हंगामांत चाचपडू लागला की चाहत्यांत लगेच दोन तट पडतात. एका तटाला तो आजच्या आज संघाबाहेर हवा असतो, तर दुसरा तट त्याला वेळ द्या म्हणून आर्जवे करत राहतो. हा वाद बहुधा निष्फळ ठरतो, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

म्हणून मत बनवण्यापूर्वी प्रश्न सुटे करून घ्यावेत. खेळाडूत व्यावसायिक दर्जाचे कौशल्य आहे का, हा पहिला प्रश्न. ड्राफ्टमध्ये ज्या क्रमांकावर त्याला घेतले, त्या मोलाचा तो आहे का, हा दुसरा. आणि पुढील हंगामात याच संघात त्याला जागा आहे का, हा तिसरा. यांपैकी दुसऱ्या प्रश्नावर सर्वाधिक तावातावाने बोलले जाते, आणि खेळाडूच्या भवितव्याशी त्याचाच संबंध सर्वांत कमी असतो. न्यू इंग्लंडच्या संघाने 2019 मध्ये 32 व्या क्रमांकावर एन’कील हॅरीला घेतले आणि त्यानंतर डीबो सॅम्युएल 36 व्या, ए. जे. ब्राउन 51 व्या आणि डी. के. मेटकाफ 64 व्या क्रमांकावर गेले. फिलाडेल्फियाने 2020 मध्ये 21 व्या क्रमांकावर जेलन रेगरला निवडले आणि पुढच्याच क्रमांकावर मिनेसोटाने जस्टिन जेफरसनला उचलले, ज्याने पहिल्याच हंगामात झेल घेऊन 1,400 यार्ड अंतर मिळवले. अशा निवडींवर चाहत्यांनी चिडणे रास्तच आहे. पण त्याचे खापर निवडणाऱ्यांवर फोडावे. शेजारच्या क्रमांकावर कोण गेला, यावरून रेगरला बचावपटूला चकवता येते की नाही, हे कळत नाही.

आधी पाय पाहावेत, हात नंतर

रिसीव्हरचे खरे काम चेंडू हवेत जाण्याआधीच बरेचसे उरकलेले असते. टीव्हीचा कॅमेरा क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्यावर, असतो आणि पहिल्या दोन सेकंदांत रिसीव्हर चौकटीबाहेर निघून जातो, म्हणून केवळ प्रक्षेपणावर विसंबून दिलेला निर्णय अर्धवट राहतो. मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत दाखवणारे चित्रण, ज्याला ऑल-22 म्हणतात, ते आता लीगच्या सशुल्क सेवेवर सामान्य प्रेक्षकालाही मिळते. एका सामन्यातील त्या रिसीव्हरचे सगळे डाव, त्याच्याकडे चेंडू न आलेले डावसुद्धा, सलग पाहावेत. सगळ्या हंगामाच्या ठळक क्षणांच्या चित्रफितीपेक्षा हा तासाभराचा अभ्यास जास्त सांगून जातो.

एक डाव घेऊ. रिसीव्हर स्क्रिमेज रेषेवर, म्हणजे डाव जेथून सुरू होतो त्या रेषेवर, उभा आहे आणि कॉर्नरबॅक, म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू, त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर आहे. चेंडू खेळात येताच कॉर्नरबॅक त्याच्या छातीवर हात रोवण्याचा प्रयत्न करतो. येथे पाहायचे ते हे, की रिसीव्हर जागच्या जागी पाय नाचवत वेळ दवडतो, की एका खोट्या पावलाने समोरच्याचे वजन एका बाजूला नेऊन दुसऱ्या बाजूने निसटतो, आणि निसटताना त्याचा हात झटकून टाकतो का. त्यानंतर तो सरळ धावतो तेव्हा बचावपटूची पाठ वळेपर्यंत वेग टिकवतो का, की वळण्याच्या तीन पावले आधीच छाती उंचावून आणि वेग कमी करून आपला बेत उघड करतो? शेवटी वळताना तो दोन पावलांत थांबतो, की चारपाच लहान पावले टाकत गोलाकार वळतो? गोलाकार वळणाऱ्या रिसीव्हरच्या आणि क्वार्टरबॅकच्या मधली जागा कॉर्नरबॅक आरामात गाठतो, आणि मग जो पास अडवला जातो, त्याचा दोष प्रेक्षक हमखास क्वार्टरबॅकला देतात.

कच्चा वेग या सगळ्याला पर्याय ठरत नाही. जॉन रॉसने 2017 च्या ड्राफ्टपूर्व चाचणीत 40 यार्डांचे अंतर 4.22 सेकंदांत कापून तेव्हाचा विक्रम केला आणि सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. दुखापतीही त्याच्या वाट्याला आल्या हे खरे. तरीही सरळ रेषेतील वेगाने चाहते आणि संघ दोघेही वाजवीपेक्षा अधिक भारावून जातात, असे माझे मत आहे.

जो रिसीव्हर वारंवार मोकळा होतो आणि ज्याच्याकडे चेंडू येत नाही किंवा आलेला सुटतो, त्याच्याबाबत धीर धरावा. जो मोकळाच होत नाही, त्याचे हात कितीही चिकट असले तरी त्याच्याबाबत काळजी करावी. या लेखातील एकच कसोटी लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी.

आकडे वाचताना

एकूण यार्ड हा सर्वांत सोयीचा आणि सर्वांत फसवा आकडा आहे, कारण त्यात संधी किती मिळाली हे दिसत नाही. त्याऐवजी खेळाडू जितके रूट, म्हणजे पास घेण्यासाठी ठरवून दिलेले धावण्याचे मार्ग, धावला, त्या संख्येने यार्डांना भागावे. समजा एकाने 400 रूटमध्ये 480 यार्ड मिळवले आणि दुसऱ्याने 200 रूटमध्ये 400. पहिल्याचा एकूण आकडा मोठा दिसतो, पण त्याचे प्रमाण 1.2 येते आणि दुसऱ्याचे 2. ढोबळमानाने 2 च्या आसपासचे प्रमाण चांगले समजतात आणि 1 च्या खाली सातत्याने राहणारे प्रमाण चिंतेचे. क्वार्टरबॅकने टाकलेल्या एकूण पासपैकी त्याच्या दिशेने किती आले, हेही पाहावे, कारण रोजचा सराव पाहणारा क्वार्टरबॅक कोणावर विश्वास टाकतो, याची ती एक प्रकारची साक्षच असते.

खांद्याच्या पॅडमधील चिपवरून लीग रिसीव्हर आणि जवळच्या बचावपटूतील अंतरही मोजते. हा आकडा उपयोगी आहे, परंतु लांब पल्ल्याचे रूट धावणाऱ्याचे सरासरी अंतर आखूड रूट धावणाऱ्यापेक्षा कमीच येते, तेव्हा दोन निरनिराळ्या भूमिकांतील खेळाडूंची त्यावरून तुलना करू नये.

सर्वांत प्रामाणिक तुलना असते ती त्याच संघातील, त्याच क्वार्टरबॅककडून पास घेणाऱ्या सहकाऱ्यांशी. लॅक्वान ट्रेडवेलला मिनेसोटाने 2016 मध्ये 23 व्या क्रमांकावर निवडले आणि पहिल्या हंगामात त्याला एकच झेल, 15 यार्डांचा, मिळाला. नवखा आहे, असे तेव्हा म्हणता आले. पण 2018 मध्ये, तिसऱ्या हंगामात, ड्राफ्टमध्ये निवडच न झालेला अ‍ॅडम थीलन आणि पाचव्या फेरीतून आलेला स्टेफॉन डिग्ज हे दोघे त्याच संघात हजार यार्डांपलीकडे गेले, आणि ट्रेडवेल 302 यार्डांवर थांबला. क्वार्टरबॅकला दोष देण्याची सोय तेथे उरली नव्हती.

सुटलेल्या चेंडूंचे वजन

चाहत्यांचा राग पेटतो तो सुटलेल्या चेंडूंवर, आणि नेमके तेथेच हात आखडता घ्यावा. एक तर सुटलेला चेंडू कशाला म्हणायचे यावर नोंदी ठेवणाऱ्यांचेच एकमत नसते, त्यामुळे एकाच खेळाडूचे दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत. दुसरे म्हणजे सगळे सुटलेले चेंडू सारखे नसतात. चेंडू हातात स्थिरावण्याआधीच नजर पुढच्या बचावपटूकडे वळली आणि तो सुटला, तर तो एकाग्रतेचा दोष आहे आणि सरावाने कमी होतो. छातीच्या वर आलेल्या चेंडूला अंगठे जवळ, कमरेखालच्या चेंडूला करंगळ्या जवळ, ही हातांची ठेवण जमत नसल्यामुळे जो प्रत्येक चेंडू अंगावर घेतो, त्याचा दोष जुना असतो आणि तो जायला वेळ लागतो.

पुढे सर्वकालीन महान रिसीव्हर ठरलेल्या जेरी राइसच्या हातून 1985 च्या पहिल्या हंगामात इतके चेंडू सुटले की घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी त्याने 1,570 यार्ड मिळवले. राइस हे टोकाचे उदाहरण आहे आणि प्रत्येक वादात त्याला पुढे करणे थोडे अतीच होते, म्हणून अलीकडचे आणि साधे उदाहरण घेऊ. चार्जर्स संघाच्या क्वेंटिन जॉन्स्टनने 2023 मध्ये ग्रीन बेविरुद्ध अखेरच्या क्षणांत लांबचा पास सोडला, सामना 23-20 असा हातचा गेला, आणि त्याची निवड वाया गेल्याचे अनेकांनी तेव्हाच ठरवून टाकले. त्या हंगामात त्याचे 431 यार्ड आणि 2 टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन केलेले गुण, होते. पुढच्या हंगामात 711 यार्ड आणि 8 टचडाउन झाले. चेंडू सुटणे 2024 मध्येही थांबले नाही, पण तो मोकळा होत राहिला आणि संघाला उपयोगी पडला.

परिस्थितीला किती सूट द्यावी

सबब आणि कारण यांतला फरक तारखांवरून कळतो. डेव्हांटे अ‍ॅडम्सने 2015 च्या दुसऱ्या हंगामात 50 झेलांत अवघे 483 यार्ड आणि एकच टचडाउन मिळवला, तेव्हा ग्रीन बेच्या चाहत्यांत त्याला सोडून देण्याची भाषा सुरू झाली होती. पण त्याचा घोटा हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात दुखावला होता, आणि जॉर्डी नेल्सन गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभर बाहेर असल्यामुळे बचावाचे सारे लक्ष उरलेल्यांवर होते. 2016 मध्ये दोघे तंदुरुस्त परतले आणि अ‍ॅडम्सने 997 यार्ड व 12 टचडाउन केले. पुढे तो लीगमधील सर्वोत्तम रिसीव्हरांत गणला गेला.

कधी जागा चुकलेली असते. बाजूच्या रेषेजवळ, थेट कॉर्नरबॅकच्या अंगावर खेळणे आणि आतल्या बाजूला स्लॉटमधून खेळणे, ही दोन वेगळी कामे आहेत. नेल्सन अ‍ॅगोलरला फिलाडेल्फियाने पहिली दोन वर्षे बाहेरच्या बाजूला खेळवले. त्याचे चेंडू सुटत होते, 2016 मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध रचनेत चुकीच्या जागी उभे राहिल्याने संघाचा टचडाउन रद्द झाला, आणि पुढच्या सामन्यात त्याला बाहेर बसवले गेले. 2017 च्या ऑगस्टमध्ये जॉर्डन मॅथ्यूजला बफेलोला दिल्यावर स्लॉटची जागा रिकामी झाली, अ‍ॅगोलर तेथे गेला, त्या हंगामात त्याने 8 टचडाउन केले आणि लीगच्या अंतिम सामन्यात, 52 व्या सुपर बोलमध्ये, 9 झेल घेतले. म्हणून, रिसीव्हर कोणत्या जागेवरून किती डाव खेळला, हे न पाहता त्याला नापास करू नये.

महाविद्यालयीन खेळातून येताना नियमही बदलतात. तेथे एक पाय मैदानात टेकला तरी झेल वैध ठरतो, येथे दोन्ही टेकावे लागतात. तेथे मैदानावरील आतल्या खुणांमध्ये 40 फूट अंतर असते, येथे साडेअठरा, त्यामुळे एका बाजूला मिळणारी मोकळी जागा येथे मिळत नाही. पहिल्या हंगामात एवढी सूट द्यावी. तिसऱ्या हंगामात ती मागू नये.

दुखापतींचे गणित मात्र निष्ठुर असते. शिकागोने 2015 मध्ये सातव्या क्रमांकावर घेतलेला केव्हिन व्हाइट नडगीच्या, मग पायाच्या, मग खांद्याच्या हाडामुळे बाहेर राहिला आणि चार हंगामांत 14 सामने खेळला. 25 झेल, 285 यार्ड, एकही टचडाउन नाही. त्यात त्याचा दोष नव्हता, पण संघाला त्याच्यावाचून पुढे जावेच लागले.

रिसीव्हर तिसऱ्या वर्षी फुलतो, असे पूर्वी मानत असत. जॉर्डी नेल्सनला चौथा हंगाम लागला आणि मायामीच्या डेव्हांटे पार्करला 1,202 यार्डांसाठी पाचवा. जेफरसन, 2021 मध्ये 1,455 यार्ड मिळवणारा जमार चेस आणि 2023 मध्ये पाचव्या फेरीतून येऊन 1,486 यार्डांवर गेलेला पुका नाकुआ यांनी अपेक्षा फार वर नेऊन ठेवल्या आहेत. माझ्या मते दोन निरोगी, नियमित खेळलेले हंगाम ही न्याय्य मुदत आहे. दुखापतीचे वर्ष त्यात धरू नये.

संघाची बाजू

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कौशल्याइतकेच करारावर ठरते. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो, आणि पहिल्या फेरीतील खेळाडूचे पाचवे वर्ष राखून ठेवायचे की नाही, हे संघाला त्याच्या तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीस ठरवावे लागते. आताच्या नियमांनुसार ते वर्ष राखले की त्याची रक्कम पूर्ण हमीची होते, त्यामुळे संघ हात राखून वागतात. नकार म्हणजे हकालपट्टी नव्हे: टेनेसीने 2020 मध्ये कोरी डेव्हिसचे पाचवे वर्ष नाकारले, त्याने त्याच हंगामात 984 यार्ड मिळवले आणि न्यूयॉर्क जेट्सकडून तीन वर्षांसाठी 3 कोटी 75 लाख डॉलरचा करार घेतला.

‘त्याला देऊन टाका आणि चांगली निवड घ्या’ असे म्हणणाऱ्यांनी बाजारभावही पाहावा. हॅरीच्या बदल्यात 2022 मध्ये न्यू इंग्लंडला सातव्या फेरीची एक निवड मिळाली, तीही 2024 ची. सरळ काढून टाकले, तर चार हंगाम न भरलेला खेळाडू वेव्हरवर जातो, म्हणजे इतर संघांना त्याचा आहे तो करार उचलण्याची संधी मिळते, आणि त्याला आधी दिलेल्या बोनसचा उरलेला हिशेब मूळ संघाच्याच वेतनमर्यादेत धरला जातो. एवढ्या तोट्यात त्याला संघातील 53 जणांत चौथा किंवा पाचवा रिसीव्हर म्हणून ठेवणे पुष्कळदा स्वस्त पडते. पण त्या जागेसाठी स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे चेंडू लाथेने मारण्याच्या डावांत, पंटच्या वेळी (चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे दूर मारला जातो तेव्हा) धावत जाऊन चेंडू घेणाऱ्याला टॅकल करण्यासारखी कामे करावी लागतात, आणि पहिल्या फेरीतून आलेल्या अनेकांनी ती महाविद्यालयात केलेली नसतात.

म्हणून ऑगस्टमधील सराव सामने पाहताना झेलांपेक्षा दोन गोष्टी टिपाव्यात. तो खेळाडू पंटच्या वेळी मैदानात येतो का, आणि तो पहिल्या चतुर्थकात मुख्य क्वार्टरबॅकसोबत खेळतो की चौथ्यात, तिसऱ्या फळीतील खेळाडूंसोबत. तिसऱ्या वर्षाचा, पहिल्या फेरीतून आलेला रिसीव्हर शेवटच्या सराव सामन्याच्या चौथ्या चतुर्थकात रूट धावताना दिसला, तर प्रशिक्षक पत्रकार परिषदेत त्याचे कितीही कौतुक करोत, वेव्हरची यादी जाहीर होईल त्या दिवशी त्याचे नाव तेथे शोधावे.