नातवाचा वाटा : तालुक्यात बसून इस्लामी कायद्याचा तौलनिक अभ्यास कसा करावा

एलएल.एम.च्या प्रबंधाला ‘हिंदू आणि इस्लामी कायदा : तौलनिक अभ्यास’ असा ऐसपैस विषय घेऊ नका. त्यात दोन्ही कायद्यांची ओळख होते, तुलना राहूनच जाते. मी दारव्ह्याच्या कोर्टात वकिली करते. आसपासची पोरं विषय विचारायला आली की मी एकच प्रश्न देते : बापाच्या आधी मुलगा वारला, तर त्याच्या लेकरांना आजोबाच्या वावरात काय मिळतं? आपल्या भागात असं घर शोधावं लागत नाही.

आधी वंशावळ काढा. आजोबा वारले, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी, आणि आधीच गेलेल्या मुलाची विधवा व दोन लेकरं. स्वकष्टाची १२ एकर जमीन, वसियत (मृत्युपत्र) नाही. आता हेच घर प्रत्येक कायद्यातून न्या.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात तीन-तीन एकरांचे चार वाटे पडतात. गेलेल्या मुलाचे तीन एकर त्याची विधवा आणि दोन लेकरं यांना, एकेक एकर. भारतातल्या हनफी कायद्यात (बहुतेक सुन्नी मुसलमान पाळतात ती परंपरा) बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे दीड एकर; उरलेल्यातून मुलाला सात, मुलीला साडेतीन. काका हयात असल्यामुळे नातवंडांना काहीच नाही. “माया नातवायले काहीच नाही का?” असं विचारणारा म्हातारा समोर बसला की हा नियम नुसता पाठ असून भागत नाही.

खरा अभ्यास पुढे आहे. पाकिस्तानने १९६१ च्या कौटुंबिक कायदे अध्यादेशात, कलम ४ मध्ये, वारलेला मुलगा हयात असल्यासारखा त्याचा वाटा त्याच्या लेकरांना दिला : ४.२ एकर (बायकोचा दीड काढून उरलेल्या साडेदहाचे दोन-दोन-एक असे वाटे). इजिप्तने १९४६ मध्ये वेगळी वाट धरली. आजोबाने नातवंडांसाठी काही केलं नसेल, तर कायदाच त्याच्या वतीने वसियत धरून चालतो. मात्र वसियत मालमत्तेच्या एक-तृतीयांशापुरतीच, ही मर्यादा पाळून. म्हणून तिथे ४.२ नव्हे, ४ एकर. हा ०.२ एकरांचा फरक सोडू नका, प्रबंध त्यातच आहे. इजिप्तने वारशाच्या हिश्श्यांची जुनी रचना राखून वसियतीच्या दाराने लेकरांना आत घेतलं. पाकिस्तानने वारशाचा नियमच बदलला, आणि २००० साली तिथल्या फेडरल शरियत कोर्टाने ते कलम इस्लामशी विसंगत ठरवलं. त्यावर अपील झालं. इस्लामी कायदा सगळीकडे एकसारखा, असं लिहिणाऱ्याने हे गणित एकदा स्वतः मांडावं.

संशोधन वाचताना लेखकाने काय तपासलं ते आधी बघा : फिक्हचे (इस्लामी धर्मशास्त्राच्या कायद्याचे) ग्रंथ, देशाचा कायदा, की कोर्टाचं दफ्तर आणि दारुल कझाचे (काझीच्या न्यायपीठाचे) निवाडे? अलीकडचे अभ्यासक दफ्तर आणि निवाड्यांकडे जास्त वळलेत, आणि मला ते बरोबर वाटतं. पण एकाचं पुस्तक आणि दुसऱ्याची वहिवाट यांची तुलना करू नका. हिंदू कायद्यात मुलीला समान हक्क आहे म्हणून ती गोष्ट संपत नाही. तलाठ्याकडचे फेरफार बघा. हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या झालेल्या बहिणी दोन्ही समाजांत दिसतील.

एक पेच टाळू नका. भारतात मुसलमानांना वारशात मुस्लिम कायदा लागू करणाऱ्या १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळली आहे. म्हणून शेताबद्दल लिहिताना मुस्लिम कायदा कोणत्या आधारावर लागू धरला, स्थानिक कायदा आणि रूढी काय होती, यावर स्वतंत्र प्रकरण करा. परीक्षक नेमकं तेच विचारतात.

आणि गावात मुलाखती घ्याल तेव्हा म्हाताऱ्याला हेही सांगा : काका असताना नातू वारस नसतो, म्हणूनच त्याच्या नावे एक-तृतीयांशापर्यंत वसियत करता येते, इतर वारसांची संमती लागत नाही. हयातीत हिबा (बक्षीस) करून ताबा दिला तर तीही मर्यादा नाही.