प्रोटीनचा डबा उघडण्याआधी या चुका टाळा

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांच्या खोलीत हल्ली दोन डबे दिसतात. एक मेसचा, भाजी आवडली नाही म्हणून अर्धा तसाच उरलेला. दुसरा प्रोटीनचा, कपाटावर दिमाखात मांडलेला. माझं भांडण दुसऱ्याशी नाही. पहिला परत पाठवून दुसऱ्यावर भिस्त ठेवण्याशी आहे.

आधी हिशोब करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या मुलाला दिवसाला सुमारे ५०. दोन अंड्यांतून १२ मिळतात, ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून २६च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांतून सातेक. वरण-पोळी अजून मोजलीच नाही. नेमाने वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतं, मान्य. पण याच संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत स्नायू वाढवायला प्रोटीन पावडर टाळा, असं म्हटलं आहे. तरी घ्यायचीच असेल, तर सीलबंद डबा घ्या आणि त्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक तपासा. जिममधल्या दादाने पिशवीत सुटी काढून दिलेली पावडर घेऊ नका. विद्यापीठाच्या संघातून खेळत असाल तर मुळीच नको: भेसळीतून उत्तेजक पोटात गेलं, तरी डोपिंगचा ठपका खेळाडूवरच बसतो.

पावडर प्यायल्यावर पोट फुगतं, गुरगुरतं? दोष बहुधा दुधातल्या साखरेचा, लॅक्टोजचा. पाण्यातून घेऊन पाहा, नाहीतर आयसोलेट, म्हणजे जास्त शुद्ध केलेली प्रोटीन पावडर, घ्या. त्यात लॅक्टोज कमी असतं. ताकदीसाठी घेतात ती क्रिएटिन पावडर चालू असताना रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम जोखायचा आकडा, किंचित वाढलेलं दिसू शकतं. तेवढ्यावरून किडनी गेली असं होत नाही, पण स्वतःच निकाल लावू नका, डॉक्टरांना दाखवा. प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायची पावडर, संध्याकाळी सातला घेऊन रात्री दोनला टक्क जागे असाल, तर ते कॅफीन आहे. काही ब्रँडच्या एका स्कूपमध्ये २००-३०० मिलिग्रॅम असतं. वर अभ्यासिकेतले चार कटिंग!

मला जास्त काळजी वाटते ती गोळ्यांची. डी-३ जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट बहुतेकदा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायचं असतं. ‘रूममेटला बरं वाटलं’ म्हणून ते रोज घेणारे असतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. अतिरेक झाला की रक्तातलं कॅल्शियम वाढतं; मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान सुरू होते, पुढे मूत्रपिंडावर ताण येतो. अशी लक्षणं दिसली तर पाकीट बंद करून लगेच रक्त तपासून घ्या.

हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळी घेणाऱ्या मुली ती बऱ्याचदा सकाळच्या चहासोबतच गिळतात. चहा लोह शोषू देत नाही. दोन्हींत तास-दोन तास जाऊ द्या, गोळीसोबत लिंबूपाणी घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. शौचाला काळं होतं ते लोहामुळेच, घाबरून गोळी सोडू नका. मात्र शौच डांबरासारखं चिकट असेल किंवा पोटात दुखत असेल, तर दवाखाना गाठा.

पुण्याचं पाणी लागलं म्हणून केस गळतात, म्हणून बायोटिन या ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, हीही एक लाट आहे. त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्याआधी लॅबला सांगा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे औषध चालू असेल तर ‘अ’ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन घेऊ नका. दोन्ही एकाच कुळातली, दुष्परिणाम वाढतात.

आणि डॉक्टर विचारतात, “काही औषधं चालू आहेत का?” तेव्हा पोरं हमखास “नाही” म्हणतात. पावडर म्हणजे औषध थोडंच! मोबाइलमध्ये डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो ठेवा आणि तो समोर धरा.