घरात शुगर आहे? मग निदान या चुका तरी टाळा

“आमच्या घरात सगळ्यांनाच शुगर आहे ताई, मला होणारच.” लॅबमध्ये रक्त काढताना हे मी जवळजवळ रोज ऐकते. सांगणाऱ्याच्या आवाजात काळजी कमी आणि सुटका जास्त असते. खापर आईवडिलांवर फुटलं की रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ, जादा पाव, वर जिलेबी, सगळं माफ!

आईवडिलांपैकी एकाला टाइप 2, म्हणजे नेहमी दिसतो तो मधुमेह, असेल तर धोका वाढतो, दोघांना असेल तर आणखी वाढतो, हे खरंच. पण चेन्नईच्या डॉक्टरांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सीमारेषेवरच्या ज्या लोकांनी आहार आणि व्यायाम सांभाळला, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला. घरात शुगर असेल तर पहिली तपासणी विशीतच करा, एवढंच माझं म्हणणं.

दुसरी चूक माझ्या खास रागातली: तपासणीपुरतं शहाणपण. अंबडच्या एका कारखान्यातले सुपरवायझर, अंगाने काटक, दरवर्षी यायचे. आधीचे आठ दिवस भात बंद, गोड बंद, गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या. उपाशीपोटी साखर शंभरीच्या आसपास आली की स्वारी खूश. एका वर्षी कंपनीच्या फॉर्मवर एचबीएवनसी ही साखरेची सरासरी सांगणारी तपासणी आली. उपाशीपोटी 112, आणि ही 7.4. “मशीन बिघडलंय, पुन्हा लावा.” पुन्हा लावलं, तेच आलं. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. आठ दिवसांच्या उपासाला ती भीक घालत नाही. 5.7 ते 6.4 म्हणजे सीमारेषा, 6.5 पासून पुढे मधुमेह. अॅनिमिया असेल तर मात्र हा आकडा फसवू शकतो, डॉक्टरांना आधी सांगा.

त्या सुपरवायझरांचा पुढचा प्रश्न ठरलेला: “मी तर बारीक आहे!” पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं हेच सांगताहेत, की आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात. वजनकाट्यावर विसंबू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून मोजा. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, त्यापुढे सावध. पॅंटचा नंबर सांगू नका, ती पोटाखाली बांधलेली असते.

साखरेऐवजी गूळ खाल्ला तर चालतो? नाही. रक्ताला दोन्ही सारखेच.

जिना चढून धापा टाकत बीपी मोजू नका. पाच मिनिटं गप्प बसा, फोनसुद्धा नको.

“आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होते.” त्यांच्या कट्ट्यावरचे बाकीचे कधी गेले, तेही विचारा.

हजारो रुपयांची जीन टेस्ट करायची घाई तर अजिबात नको. टाइप 2 मागे शेकडो जनुकीय बदल आहेत, बहुतेकांचा वाटा चिमूटभर. त्यापेक्षा एका कागदावर आजी-आजोबा, आईवडील, भावंडं लिहा. कुणाला काय झालं आणि कितव्या वर्षी. मी हा कागद फाईलच्या पहिल्या पानाला लावते. त्यात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक दिसला, तर लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या एका प्रकाराची तपासणी, डॉक्टरांना विचारून करून घ्या. ती पातळी बहुतांशी जन्मजात असते, त्यामुळे साधारणपणे आयुष्यात एकदा केली तरी पुरते.