मोबाईल होम पार्क बंद होतंय? सही करायच्या आधी एवढं बघा

कॅलिफोर्नियात मोबाईल होमवाल्यांची, म्हणजे कारखान्यात बनवून पार्कात आणून ठेवलेल्या घरात राहणाऱ्यांची गोची अशी की घर आपलं, खालची जमीन दुसऱ्याची, दर महिन्याला स्पेस रेंट भरायचं आणि मालकाला तिथे अपार्टमेंट उठवावीशी वाटली की तो म्हणणार, घर उचला नि निघा. नावाला मोबाईल, पण वर्षानुवर्षं एका जागी बसलेलं घर सहजासहजी हलत नाही, हलवलं तरी १९७६ च्या आधीचं असलं तर दुसरं पार्क बहुतेक वेळा घेतच नाही. बे एरियात आपल्यातलेही काहीजण अशा घरात राहतात, कुणाकडे मुलं सांभाळायला येणाऱ्या ताई राहतात, म्हणून लिहितेय.

मालकाचा माणूस येऊन "आत्ता सही केलीत तर एवढे देतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजा, कागद ठेवून घ्या, सही मात्र नाही. पार्क बंद करायचं तर त्याला आधी इम्पॅक्ट रिपोर्ट, म्हणजे पार्क बंद झाल्याने रहिवाशांवर काय परिणाम होईल याचा अहवाल, द्यावा लागतो आणि तो सिटीसमोरच्या हिअरिंगच्या (सुनावणीच्या) किमान ६० दिवस आधी तुमच्या हातात पडायला हवा. घर सोडायची नोटीस त्यानंतरची, मंजुरी मिळाल्यावर किमान ६ महिन्यांची, सिटीची परवानगी लागतच नसेल तर १२ महिन्यांची. उद्या बाहेर काढतील वगैरे निव्वळ घाबरवणं असतं.

आता पैसे. २०२१ पासून कायदा असा आहे की दुसऱ्या पार्कात धड घर मिळत नसेल तर तुमच्या घराची इन-प्लेस मार्केट व्हॅल्यू द्यावी लागते, म्हणजे घर आहे तिथेच आहे आणि पार्क चालूच राहणार असं धरून येणारी किंमत. हे माहीत नसलं की लाखाचे बारा हजार झालेच समजा, कारण सनीवेलमधलं डबलवाइड (दोन भाग जोडून केलेलं मोबाईल होम) ट्रकवर चढवलं की भंगार, खरी किंमत त्या जागेची. अप्रेझर, म्हणजे घराची किंमत काढणारा माणूस, राज्याचं सर्टिफिकेट असलेला आणि मोबाईल होमचा अनुभव असलेला लागतो. तो येईल त्या दिवशी घरी थांबा, नवं छप्पर, वॉटर हीटर, आजींसाठी केलेला रॅम्प, सगळं दाखवा, पावत्या द्या. त्याच्या अप्रेझल रिपोर्टची कॉपी मागा आणि त्यात कुठल्या घरांच्या विक्रीशी तुलना केलीय ते बघा, लांबच्या स्वस्त गावातली घरं घातली असतील तर लेखी हरकत घ्या.

आणि हो, घराचं टायटल (मालकीचा कागद) एचसीडीकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, तुमच्या नावावर आहे ना? ओळखीत घेतलेल्या घरांचे कागद बरेचदा जुन्या मालकाच्याच नावावर पडून असतात, हे आजच निस्तरा.

हिअरिंगला सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून जा. पार्क गेल्याने कमी उत्पन्नवाल्यांसाठी घरांची टंचाई होईल का, यावर सिटीला निष्कर्ष नोंदवावाच लागतो, तो प्रश्न तिथे मोठ्याने विचारा. पालो आल्टोच्या ब्युएना व्हिस्टा पार्कचं उदाहरण आहेच, २०१२ मध्ये बंद करायचा अर्ज आला, २०१५ मध्ये कौन्सिलने होही म्हटलं, पण सुमारे ४०० लोक हटले नाहीत आणि २०१७ मध्ये काउंटीच्या हाउसिंग ऑथॉरिटीने पार्कच विकत घेतलं. दरवेळी असं होत नाही, हेही खरं.

शेवटचं काम, सिटी क्लर्ककडून तुमच्या शहराचा पार्क क्लोजरचा ऑर्डिनन्स (पार्क बंद करण्याबद्दलचा शहराचा नियम) मागून घ्या. राज्याचा कायदा ही किमान मर्यादा आहे, शहराच्या नियमात त्याहून जास्त काही असलं तर तेही मागता येतं, आणि ते तुम्हाला मालक सांगणार नाही.